शस्त्राचा परवाना आणि अधिकाऱ्याची मर्जी

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका देवस्थानचे तीन विश्वस्त माझ्याकडे आले. देवळाचा जुना राखणदार वारला होता आणि त्याच्या नावावरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली होती. त्याच्या मुलाने बापाची राखणदारी पत्करली. परंतु परवान्यासाठी त्याने केलेला अर्ज फेटाळला गेला. नकाराच्या पत्रात एवढेच लिहिले होते की, विशेष गरज दिसून येत नाही. विश्वस्तांत जे वयोवृद्ध होते त्यांनी मला विचारले, "वकीलसाहेब, देवाच्या चांदीच्या मुखवट्यांची राखण करावयाची ही गरज नव्हे, तर मग गरज कशाला म्हणावयाचे? आणि ती आहे की नाही हे ठरविणार कोण?"

त्यांचा पहिला प्रश्न त्या गावापुरता होता. दुसरा मात्र फार जुना आणि व्यापक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात याच एका प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे कायदेमंडळ, न्यायालये आणि शस्त्रहक्काची चळवळ यांचा झगडा चालला. त्या झगड्याची हकीकत आपणांसही विचारास लावणारी आहे.

अमेरिका हे पन्नास राज्यांचे संघराज्य असून फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांच्या हाती असतो. १७९१ साली त्यांच्या संविधानास जी दुसरी दुरुस्ती जोडण्यात आली, तिच्यात शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे खरा. परंतु ते बंधन दीर्घकाळ केवळ मध्यवर्ती सरकारावरच मानले जात असे. त्यामुळे बंदुकीचे राजकारण वॉशिंग्टनपेक्षा राज्यांच्या राजधान्यांतूनच अधिक रंगले.

न्यूयॉर्कमध्ये त्यास तोंड फुटले ते दोन घटनांनी. ऑगस्ट १९१० मध्ये शहराचे महापौर विल्यम गेनर जहाजावर उभे असता, नोकरीवरून काढलेल्या एका इसमाने त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले, पण गोळी त्यांच्या घशात अखेरपर्यंत राहिली. पुढे जानेवारी १९११ मध्ये डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स या नामांकित कादंबरीकारास भर रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. लोकमत खवळले. टॅमनी हॉल या बलाढ्य राजकीय गटाचा पुढारी टिमोथी सलिव्हन हा राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचा सभासद होता. त्याने आणलेले विधेयक त्याच वर्षी संमत झाले आणि ऑगस्टअखेर अमलात आले. अंगावर लपविता येण्याजोगे पिस्तूल परवान्यावाचून बाळगणे गुन्हा ठरले. ते परवान्यावाचून बरोबर घेऊन हिंडणे हा तर गंभीर गुन्हा झाला.

१९१३ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन दोन शब्दांची भर पडली : ‘योग्य कारण’. पिस्तूल बरोबर वागविण्याचा परवाना ज्यास हवा असेल, त्याने आपले शील चांगले असल्याचे व आपणांस योग्य कारण असल्याचे दाखवून द्यावे. योग्य कारण म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही. पुढे न्यायालयांनी असा अर्थ लावला की, इतर सर्वसामान्य लोकांहून वेगळी अशी स्वसंरक्षणाची खास गरज अर्जदाराने सिद्ध केली पाहिजे. धोकादायक वस्तीत राहणे हे त्यास पुरेसे नव्हते. कारण तेथील शेजाऱ्यापाजाऱ्यांसही तोच धोका होता!

अशी मोघम सत्ता कोणावर चालते, हे पहिल्या काही आठवड्यांतच दिसून आले. आरंभीच जो एक इटालियन मजूर पकडला गेला, त्याचे म्हणणे असे की, खंडणीखोर टोळ्यांच्या भीतीने आपण पिस्तूल जवळ ठेवले. त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली, आणि शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी त्याच्या देशबांधवांच्या चालीरीतींवर व तापट स्वभावावरही ताशेरे झाडले. कायद्यात इटालियनांचा नामनिर्देश कोठेही नव्हता. तशी आवश्यकताही नव्हती. धनिकास, अधिकाऱ्याच्या परिचयातील माणसास योग्य कारण सापडत असे. नवागत मजुरास ते सापडत नसे.

आता शस्त्रहक्कवाद्यांकडे वळू. आज ज्या नॅशनल रायफल असोसिएशनचे नाव सर्वतोमुखी आहे, ती संस्था १८७१ साली न्यूयॉर्क राज्यातच स्थापन झाली. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी सदोष असल्याचा अनुभव आलेल्या अधिकाऱ्यांनी ती काढली आणि तिचा हेतू नेमबाजीचे शिक्षण हाच होता. सलिव्हनच्या कायद्यास तिचा विरोध होता. तथापि सर्वच नियंत्रणास नव्हता. तिचे एक अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक हे स्वतः वकील आणि १९२० च्या ऑलिंपिकमधील पिस्तूल-नेमबाजीचे विजेते. सर्व राज्यांसाठी एकसारखा व सौम्य असा पिस्तूल कायदा असावा म्हणून त्यांनी मसुदा तयार करण्यास साहाय्य केले. तशा धर्तीचे विधेयक १९३२ साली न्यूयॉर्कच्या कायदेमंडळाने संमतही केले. परंतु त्या वेळचे राज्यपाल फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ते नाकारले. १९३४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष देताना याच फ्रेडरिक यांनी, सरसकट सर्वांनी शस्त्र घेऊन फिरणे आपणांस पसंत नाही, त्यावर कडक निर्बंध असावेत, असे सांगितले. आजच्या शस्त्रहक्कवाद्यांस हे वचन आपल्या अध्यक्षाचे वाटणार नाही.

हा पालट पुढील चाळीस वर्षांत घडला. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे सशस्त्र सभासद कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक जागी वावरण्यास बंदी करणारे विधेयक तेथे विचाराधीन होतेच; त्या वर्षीच राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. पुढे शस्त्रहक्काचा पुरस्कर्ता म्हणून गौरविला गेलेला हा पुरुष! १९६८ चा मध्यवर्ती बंदूक-नियंत्रण कायदा आला, आणि असोसिएशनमधील सामान्य सभासदांचा असंतोष वाढत गेला. संस्थेने राजकारणातून अंग काढून नेमबाजी व मैदानी छंद यांकडे वळावे असा तत्कालीन चालकांचा कल होता. १९७७ साली सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सभासदांनी ते चालकमंडळ उलथून टाकले आणि हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रे दिली. तेथपासून ही संस्था मुख्यतः राजकीय झाली.

तिच्या अनुयायांनी आपले बळ राज्याराज्यांतून लावले. ज्याच्यावर गुन्हा शाबीत नाही व जो ठरावीक अटी पुऱ्या करतो, त्यास परवाना दिलाच पाहिजे, अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरू नये, ही त्यांची मागणी. १९८७ मध्ये फ्लोरिडाने असा कायदा केला आणि मग राज्यामागून राज्य त्या वाटेने गेले. २०२२ पर्यंत ४३ राज्ये या बाजूस आली होती आणि मर्जीची पद्धत केवळ सहा राज्यांत व राजधानीच्या प्रदेशात राहिली होती. न्यूयॉर्क त्यांपैकी एक. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे ठरविले, आणि २०१० साली तो हक्क राज्यांवरही बंधनकारक असल्याचा निर्णय दिला.

अखेर २३ जून २०२२ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ‘योग्य कारण’ हे कलम घटनाबाह्य ठरले. संविधानाने दिलेला अन्य कोणताही हक्क बजावण्यासाठी नागरिकास अधिकाऱ्यापुढे खास गरज सिद्ध करावी लागत नाही, मग याच हक्कासाठी का, असा बहुमताचा रोख होता. या खटल्यात शस्त्रहक्कवाद्यांच्या बाजूने ज्यांनी निवेदन दिले, त्यांत न्यूयॉर्कमधील गरिबांचे फौजदारी वकीलही होते. ते त्या चळवळीचे नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच की, या कायद्याखाली आपण ज्यांचे बचाव करतो ते बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिनवंशीय आहेत. १९११ च्या इटालियन मजुराच्या जागी आता दुसरे दरिद्री लोक उभे होते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. भिन्नमतपत्रिकेच्या पहिल्याच वाक्यात न्यायमूर्ती ब्रायर यांनी एक आकडा दिला : २०२० साली ४५,२२२ अमेरिकन माणसे बंदुकीने मृत्युमुखी पडली. निकालाच्या जेमतेम सहा आठवडे आधी न्यूयॉर्क राज्यातीलच बफेलो शहरात एका दुकानात दहा कृष्णवर्णीयांची हत्या झाली होती. मर्जीची पद्धत अन्यायकारक होती हे मान्य केले, तरी ज्या भयापोटी ती निर्माण झाली ते भय खोटे नव्हते.

राज्याने हार मानली नाही. १ जुलै २०२२ रोजी नव्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. योग्य कारण गेले. त्याऐवजी १६ तासांचे वर्गशिक्षण, दोन तासांचा प्रत्यक्ष नेमबाजीचा सराव आणि जेथे शस्त्र नेता येणार नाही अशा जागांची लांबलचक यादी आली. तीत शाळा, उद्याने, आगगाड्या यांबरोबर उपासनास्थानेही होती. चर्च, सिनेगॉग, आणि फ्लशिंग येथील १९७७ साली प्रतिष्ठापना झालेले गणपतीचे देवालय, सर्वांस तोच नियम. काही पाद्री न्यायालयात गेले : आमच्या प्रार्थनागृहाचे रक्षण कोणी व कसे करावे, हे आम्ही ठरवावयाचे की सरकारने? २०२३ साली राज्याने दुरुस्ती करून, उपासनास्थानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांस त्या बंदीतून वगळले. वरिष्ठ न्यायालयाने त्या कायद्याचा बराचसा भाग पुढे कायम ठेवला, काही कलमे स्थगित केली. आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, घरच्या माणसांच्या जिवास धोका आहे असे ज्याच्याविषयी न्यायालयाने ठरविले त्याचे शस्त्र काढून घेता येते, असा आठ विरुद्ध एक मताने निर्वाळा दिला. म्हणजे निर्बंध असू नयेत असे कोणीच ठरविले नाही; ते उघड नियमांनी व कारणे दाखवून असावेत, येथपर्यंत वाद आला.

आपल्या देशातही हा विचार झालेला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांस सूट दिली. हा अपमान काँग्रेसला सुरुवातीपासूनच सलत होता. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही अंतर्भूत होता. त्याच ठरावाची आठवण देऊन, मंगळूरास जन्मलेले हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकास बाजारात जाऊन हवे ते घातक शस्त्र खरीदण्याचा हक्क मिळाला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. परकीय सत्तेखाली जी सक्ती निर्भर्त्सनीय होती, तीच स्वराज्यात आवश्यक वाटली; फरक एवढाच की, आता ती सर्वांवर सारखी असावयाची होती.

१९५९ चा शस्त्र कायदा या विचारातून आला. शस्त्र हा आपल्याकडे हक्क नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. पण त्या कायद्यातही अनेक प्रकारच्या शस्त्रांसाठी अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. न्यूयॉर्कच्या ‘योग्य कारणा’चेच हे भावंड. मात्र आपल्या विधिकारांनी त्यास दोन कुंपणे घातली : नकार देताना कारणे लेखी नोंदविली पाहिजेत, आणि त्या नकारावर अपील आहे. हक्क नसला तरी उत्तर मिळविण्याचा अधिकार आहे, तो याच कलमांत. ती कलमे कागदावर राहिली, तर आपल्याकडेही जुन्या न्यूयॉर्कसारखीच ओळखीची माणसे परवानाधारक होतील आणि राखणदाराचा मुलगा कचेरीच्या पायऱ्या झिजवील.

आम्ही अपील केले. अपिलात अर्ज फेरविचारासाठी परत गेला आणि या वेळी कारणे लिहून आली : दागिने बँकेच्या तिजोरीत ठेवता येतात, जत्रेच्या दिवसांत पोलीस बंदोबस्त असतो, आणि मुलास बंदूक हाताळण्याचा सराव नाही. परवाना मिळाला नाहीच. मी ते पत्र वाचून दाखविले तेव्हा विश्वस्त थोडा वेळ गप्प बसले. मग ते वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "हे पहिल्यांदाच सांगितले असते तर आम्ही तुमच्याकडे आलोच नसतो."

देवाचे मुखवटे आता बँकेत असतात. पालखीच्या आदल्या दिवशी विश्वस्त ते घेऊन येतात. राखणदाराचा मुलगा हाती काठी आणि विजेरी घेऊन देवळाची राखण करतो.