परक्या राजधानीतील विद्यार्थी : निजामी राजवटीतील मराठवाडा आणि उस्मानिया विद्यापीठ

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडते. १९४८ पूर्वी या गावातील एखाद्या मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे झाल्यास त्याला हैदराबाद गाठावे लागे. जवळा बाजार तेव्हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते व हैदराबाद ही त्याच राज्याची राजधानी होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा विद्यार्थी आपल्याच राज्यात शिकत होता. तथापि भाषा, परिसर आणि सत्तेशी असलेले नाते या तिन्ही दृष्टींनी त्याचे शिक्षण परदेशगमनापेक्षा फारसे निराळे नव्हते. या परकेपणाचे स्वरूप नेमके काय होते आणि त्यातून मराठवाड्याने काय मिळविले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. दोन दरवाजे

हैदराबादेत उच्च शिक्षणाचे दोन मार्ग होते. निजाम कॉलेज हे मद्रास विद्यापीठास संलग्न असून तेथील शिक्षण इंग्रजीतून चाले. दुसरा मार्ग उस्मानिया विद्यापीठाचा. या विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान १९१८ साली निघाले आणि १९१९ साली प्रत्यक्ष अध्यापनास आरंभ झाला. येथे सर्व विषयांचे माध्यम उर्दू होते. इंग्रजी ही आवश्यक भाषा म्हणून शिकविली जाई. पाश्चात्य ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी १९१७ सालीच एक भाषांतरसंस्था उभारण्यात आली होती. तिने इतिहास, गणित, विज्ञान, वैद्यक, कायदा अशा विषयांचे ग्रंथ सिद्ध केले व त्यांसाठी अरबी-फारसी धातूंवरून हजारो परिभाषिक शब्द घडविले.

हिंदुस्थानात सर्वत्र इंग्रजी माध्यमाचे वर्चस्व असताना देशी भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा हा प्रयोग असामान्य होता, यात संशय नाही. आधुनिक ज्ञान इंग्रजीवाचून शिकविता येत नाही हा समज त्याने प्रत्यक्ष कृतीने खोडून काढला. परंतु या प्रयोगाच्या मुळाशीच एक विसंगती होती. राज्याच्या लोकसंख्येत तेलुगू भाषिक निम्म्याच्या जवळपास, मराठी भाषिक एक चतुर्थांशाच्या आसपास व कन्नड भाषिक सुमारे एक अष्टमांश होते. उर्दू मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण दशांशाच्या घरात होते. लोकांना त्यांच्या भाषेत ज्ञान द्यावे हे विद्यापीठाचे तत्त्व. त्याचा लाभ मात्र राज्यातील बहुसंख्य प्रजेस मिळत नव्हता. मराठी हा तेथे अभ्यासाचा एक विषय होता. ज्ञानाचे माध्यम नव्हता. मराठी विद्यार्थ्याच्या परकेपणाचे खरे कारण येथे सापडते. उर्दू ही भाषा त्याला सर्वस्वी अपरिचित नव्हती. कचेरीत, महसुली दप्तरात आणि माध्यमिक शाळेत ती त्याच्या कानावरून गेलेली असे. त्याला खुपत होते ते हे की, मान्य झालेले तत्त्व त्याच्या भाषेला लागू केले जात नव्हते.

२. राजधानीतील मराठी आश्रय

मोठ्या शहरात आलेल्या परक्या विद्यार्थ्यास प्रथम आपल्या माणसांचा शोध घ्यावा लागतो. हैदराबादेत अशी माणसे होती. परभणी जिल्ह्यातील पुरजळ (आता हिंगोली जिल्हा) येथे १८६७ साली जन्मलेले केशवराव कोरटकर हे त्यांतील अग्रणी होत. वकिलीत नाव मिळवून पुढे ते हैदराबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वामनराव नाईक यांच्यासमवेत त्यांनी राजधानीत विवेकवर्धिनी या संस्थेच्या उभारणीस हातभार लावला. खेड्यातून आलेल्या मराठी मुलास अशा संस्थांमुळे शिक्षणाबरोबर सार्वजनिक जीवनाचीही ओळख होत असे.

ही व्यवस्था बहुधा नातेसंबंधांवर आधारलेली होती. शहरात मामा, काका किंवा ओळखीचा वकील असेल त्यालाच तेथे टिकाव धरणे शक्य होई. ज्यांना असे नातलग नव्हते आणि घरी पैसाही नव्हता, अशा कुणबी, कारागीर व अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील मुलांना हे दार जवळजवळ बंदच होते. राजधानीत शिकलेल्यांच्या कर्तृत्वाचा विचार करताना ही मर्यादा दृष्टीआड करता येत नाही.

३. १९३८ : सीमेपलीकडे

या विसंगतीचा स्फोट १९३८ च्या नोव्हेंबरअखेर झाला. उस्मानियाच्या वसतिगृहातील प्रार्थनेच्या वेळी हिंदू विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि त्याचे लोण औरंगाबाद, गुलबर्गा इत्यादी ठिकाणच्या विद्यालयांत पोहोचले. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. अन्यत्र दारे बंद होत असताना नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, कुलगुरू टी. जे. केदार यांनी यात पुढाकार घेतला. पुढे पंतप्रधान झालेले तेलुगू भाषिक पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीमुळे नागपुरास गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी होत.

नागपूर मराठी मुलखातले शहर; तरी राजकीयदृष्ट्या परदेशच. निजामाच्या राज्याचे नाणे हाली सिक्क्याचे, तर नागपुरी व्यवहार कलदार रुपयांचा. सात हाली रुपयांस सुमारे सहा कलदार असा भाव असल्याने घरून निघालेला पैसा सीमेवर आपोआप घटे. राज्याचे टपाल निराळे आणि मालावर जकात घेणारे करोडगिरी खातेही निराळे. शिवाय उर्दूतून शिकलेल्या विद्यार्थ्यास तेथे इंग्रजीतून शिकावे लागले. अशा प्रकारे एकाच पिढीने घरी मराठी, शाळेत उर्दू आणि सीमेपलीकडे इंग्रजी असा त्रिभाषिक प्रवास केला. हैदराबादेत मराठी भाषा असून परके आणि नागपुरात मराठी भाषा असूनही परराज्यातले, हा अनुभव राज्याच्या अस्तित्वाविषयीच प्रश्न निर्माण करणारा होता. वसतिगृहातील प्रार्थनेचा वाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची एक पिढी घडवून गेला, त्याचे कारण यात आहे.

४. ऋण आणि लाभ

या शिक्षणाचा केवळ अन्याय म्हणून विचार करणे मात्र एकांगी ठरेल. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी राज्याबाहेर बनारस व अलाहाबाद येथे उच्च शिक्षण घेतले आणि नंतर हैदराबादच्या प्रशासनात सेवा केली. उर्दू-फारसीवरील त्यांचे प्रभुत्व निजामी मुलखातील जीवनाशी निगडित आहे. त्याच प्रभुत्वाच्या बळावर त्यांनी मोगल दरबारची फारसी साधने मराठीत आणली व मराठ्यांच्या इतिहासाचा पाया अधिक रुंद केला. जी भाषा सत्तेचे चिन्ह म्हणून जाचक वाटत होती, तीच संशोधकाच्या हाती साधन झाली.

दुसरे उदाहरण नरहर कुरुंदकर यांचे. वसमत तालुक्यातील कुरुंद्याच्या घराण्यात १९३२ साली जन्मलेला हा मुलगा हैदराबादेत मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे शिकला. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक व ‘मुक्त-मयूरांची भारते’ या ग्रंथाचे कर्ते. कुरुंदकर सिटी कॉलेजात शिकले, विद्यार्थिदशेतच मुक्तिसंग्रामात उतरले आणि इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले. तरीही पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि महाराष्ट्रातील अग्रगण्य विचारवंत ठरले. मोठ्या शहराने विद्यार्थ्यास दिलेले शिक्षण परीक्षेच्या निकालात मावत नाही, याचा हा ठळक पुरावा होय.

५. उपसंहार

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे उर्दू माध्यम संपुष्टात आले. पण त्याची जागा मराठी, तेलुगू वा कन्नड यांनी घेतली नाही, इंग्रजीने घेतली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (पुढे मिलिंद महाविद्यालय) सुरू झाले. न्यूयॉर्क व लंडन येथे शिकलेल्या आंबेडकरांनी आपल्या कार्यासाठी औरंगाबाद निवडावे, यात मराठवाड्याच्या शैक्षणिक दारिद्र्याची जाण दिसते. ज्यांना हैदराबादचे दार कधी उघडलेच नव्हते, त्यांच्यासाठी हा पहिला खरा दरवाजा होता. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ साली नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाल्यावर जवळा बाजारच्या विद्यार्थ्याचे अंतर कमी झाले.

भौगोलिक अंतर मिटले, तरी उस्मानियाने उभा केलेला प्रश्न अद्यापि सुटलेला नाही. देशी भाषेतून उच्च ज्ञान देता येते हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले. कोणत्या देशी भाषेतून व कोणासाठी, या प्रश्नापाशी ते अडखळले. राजधानीत परका ठरलेल्या मराठी विद्यार्थ्याने नेमका हाच प्रश्न विचारला होता. मराठवाड्यातील विद्यापीठांचे मूल्यमापन करताना त्यांनी मराठीतून किती ज्ञान निर्माण केले आणि ते खेड्यातील कोणत्या घरांपर्यंत पोहोचविले, ही कसोटी लावणे इतिहासाला धरूनच होईल.