साम्राज्याचा निवेदक : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील इतिहासकथन

साम्राज्यविषयक अनुबोधपटांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते : साम्राज्याचे समर्थन झाले की निर्भर्त्सना? ब्रिटनमध्ये हा वाद १९७२ मध्येच पेटला. बीबीसी व टाइम-लाइफ यांच्या ‘द ब्रिटिश एम्पायर’ या तेरा भागांच्या मालिकेवर इतके काहूर उठले, की तिची चर्चा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचली. निवाडा कोणताही असो, तो उच्चारणारा आवाज कोणाचा, हा प्रश्न मात्र अशा गदारोळात बाजूलाच पडतो. संहितेच्या दृष्टीने तो अधिक मूलभूत आहे.

ग्रॅनडाने चॅनल फोरसाठी निर्मिलेली ‘एंड ऑफ एम्पायर’ (१९८५) ही चौदा भागांची मालिका या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. तीत सत्तांतरात प्रत्यक्ष सहभागी झालेल्या व्यक्ती बोलतात : ब्रिटिश अधिकारी आणि वसाहतींतील राष्ट्रीय चळवळींचे नेतेही. दोन्ही पक्षांचे वृत्तान्त शेजारी येतात, ही तिची मोठीच कमाई. परंतु या साक्षी ज्या सूत्रात ओवल्या जातात, ते सूत्र पडद्यावर न दिसणाऱ्या निवेदकाच्या हाती असते. साक्षीदार आठवण सांगतो. तिचा अर्थ लावण्याचा अधिकार त्याच्याकडे येत नाही. शिवाय पुराव्याचे क्षेत्रही आधीच आखलेले होते. केनियासह अनेक वसाहतींतील हजारो सरकारी फायली ब्रिटनमध्ये दडवून ठेवल्या होत्या, हे माउ माउ बंडाच्या काळातील छळाविषयीच्या खटल्यामुळे २०११ मध्ये उघड झाले. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ केनियन दावेदारांसाठी १ कोटी ९९ लक्ष पौंडांची तडजोड मान्य केली. १९८५ च्या निर्मात्यांना असत्य सांगण्याची गरजच नव्हती. आठवणींना छेद देणारा कागदच त्यांच्यापुढे नव्हता.

पुढे निवेदक स्वतःच पडद्यावर आला. नायल फर्ग्युसन यांची मालिका (२००३) साम्राज्याचा जमाखर्च मांडून जमेची बाजू वरचढ ठरवते. जेरेमी पॅक्समन यांची (२०१२) उपरोधाकडे झुकते. तरी दोन्हींत हिंडणारा, विचारणारा आणि निष्कर्ष काढणारा ब्रिटिशच. फर्ग्युसन यांच्या उपशीर्षकाचा आशय ‘ब्रिटनने आधुनिक जग कसे घडवले’ असा आहे. ब्रिटन कर्ता, जग कर्म; व्याकरणानेच निम्मा युक्तिवाद उरकला आहे.

‘ब्रिटन्स फरगॉटन स्लेव्ह ओनर्स’ (२०१५) या दोन भागांच्या अनुबोधपटात डेव्हिड ओलुसोगा यांनी कॅमेऱ्याचा रोख ब्रिटनच्याच अंतर्भागाकडे वळवला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधनाच्या आधारे तो दाखवतो, की १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना दोन कोटी पौंडांची भरपाई गुलामांच्या मालकांना मिळाली; गुलामांना काहीच नाही. दावेदारांत धनाढ्य मळेवाल्यांबरोबर पाद्री आणि विधवाही होत्या. साम्राज्य दूरदेशी घडलेले साहस न राहता शेजारच्या घराच्या किमतीत उतरते. नायजेरियन पिता आणि ब्रिटिश माता असलेल्या या निवेदकाला ‘आम्ही’ हे सर्वनाम सहजासहजी वापरता येत नाही, आणि तेथेच कथनाला धार येते.

तथापि येथेही आधार भरपाईच्या दप्तराचाच आहे. त्यात दावा मालकाचा, सही मालकाची. गुलामांच्या वाट्याला एक संख्या आणि तिच्यापुढे लिहिलेली रक्कम.