आभासी जगातील शिक्षकांची शाळा

अध्यापनाची पदविका किंवा पदवी हाती पडली की शिक्षकाचे शिक्षण संपले, ही समजूत जुनी आहे. ती चुकीची आहे, हेही तितकेच जुने सत्य आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दर पाच वर्षांच्या सेवेत प्रत्येक शिक्षकाला किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. युनेस्कोने नेमलेल्या एडगर फोर आयोगाने १९७२ च्या अहवालात आजीवन शिक्षण हा सर्व शिक्षणव्यवस्थेचा पाया मानला. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे तास कोठे आणि कसे भरावयाचे?

उतरंडीची मर्यादा

आपल्याकडील प्रशिक्षणाची रूढ पद्धत उतरंडीची आहे. राज्य पातळीवर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्यातील साधनव्यक्तींना शिकवितात, त्या तालुक्यातील आणि अखेर केंद्रातील शिक्षकांना. प्रत्येक पायरीवर आशयाची थोडी गळती होते आणि शेवटच्या शिक्षकाच्या हाती बहुधा पुस्तिका व हजेरीपत्रक एवढेच पडते. शिवाय या काळात त्याचा वर्ग रिकामा राहतो, तो वेगळाच तोटा. अंतरावर मात करण्याचा पहिला मोठा भारतीय प्रयत्न उपग्रहाद्वारे झाला. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झालेल्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणाचाही समावेश होता. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. या साधनांनी ज्ञान दूरवर पोहोचविले. परंतु शिक्षकांनी एकमेकांशी बोलावे, ही सोय त्यांत फारच अपुरी होती.

शब्दांनी बांधलेली इमारत

ती सोय इंटरनेटने दिली. अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये 'टॅप्ड इन' हा उपक्रम सुरू केला. ही शिक्षकांसाठी उभारलेली एक काल्पनिक वास्तू होती. तिला मजले होते, खोल्या होत्या, शिक्षकाला स्वतःचे कार्यालयही थाटता येई. सुरुवातीला यात चित्रे जवळपास नव्हतीच. खोलीचे वर्णन वाचायचे आणि तेथे जमलेल्या इतरांशी टंकलेखनाने बोलायचे. चर्चा संपवून बाहेर पडताच तिचा संपूर्ण लेखी वृत्तान्त ई-मेलने हाती येई. दिवसभर शाळेत एकट्याने झुंजणाऱ्या शिक्षकाला सायंकाळी समव्यवसायी भेटावेत, हे या उपक्रमाचे खरे मर्म होते. विद्यापीठातील व्याख्याता आणि गावातील शिक्षक तेथे एकाच मेजाभोवती बसत.

पुढे चित्रमय त्रिमिती जगे आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' खुले केले. येथे प्रत्येकाला 'अवतार' धारण करून फिरता येते, जमीन घेता येते, इमारती बांधता येतात. २००६ मध्ये हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाने आपल्या एका अभ्यासक्रमाचे काही वर्ग येथे भरविले. शिक्षणातील तंत्रज्ञानासाठी काम करणाऱ्या 'इस्टे' या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही शिक्षकांसाठी येथे स्वतंत्र बेट घेतले. मार्टिन डुजियामास या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाची 'मूडल' ही मुक्त आज्ञावली २००२ पासून अभ्यासक्रम, स्वाध्याय व गुणनोंदी सांभाळत होती. 'स्लूडल' या प्रकल्पाने तिची सांगड सेकंड लाइफशी घातली. लेखी अभ्यास मूडलवर आणि भेटीगाठी आभासी बेटावर, असा हा मेळ होता.

चुकण्याची मुभा

आभासी जगाचा सर्वांत नेमका उपयोग मात्र भेटीगाठींपेक्षा सरावासाठी झाला. वैमानिक खरे विमान हाती घेण्यापूर्वी अनुरूपकावर चुका करतो. शिक्षकाच्या चुका मात्र थेट मुलांच्या वाट्याला येतात. फ्लोरिडातील युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाने 'टीचलाइव्ह' ही प्रणाली विकसित केली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी. शिक्षक एका पडद्यासमोर उभा राहतो. पडद्यावर वर्ग असतो आणि त्यात वेगवेगळ्या स्वभावाची काही मुले: कोणी अबोल, कोणी खोडकर, कोणी सतत फाटे फोडणारे. या मुलांना केवळ संगणक बोलवीत नाही. पडद्यामागे प्रशिक्षित माणूस असतो व तो शिक्षकाच्या वागण्यानुसार त्यांना बोलते करतो. प्रसंग मध्येच थांबविता येतो, चर्चा करता येते आणि तोच प्रसंग पुन्हा हाताळता येतो. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबावे, अबोल मुलाला कसे बोलते करावे, यांसारखी कौशल्ये पुस्तकातून उमगत नाहीत; ती अशा सरावातून अंगी बाणतात. दहा-दहा मिनिटांच्या मोजक्या सत्रांचाही प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनावर परिणाम दिसतो, असे या प्रणालीवरील संशोधनात आढळले आहे.

भारतातील वाटचाल

भारतात त्रिमिती जगांपेक्षा ऑनलाइन अभ्यासक्रमांवर भर राहिला. पवईच्या आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारो अध्यापकांसाठी कार्यशाळा घेतल्या. व्याख्यान पवईत होई, पण ते ऐकणारे देशभरातील केंद्रांत एकत्र बसत आणि प्रात्यक्षिके स्थानिक समन्वयक करून घेत. २०१७ मध्ये 'स्वयम' आणि 'दीक्षा' ही सरकारी व्यासपीठे सुरू झाली. २०१९ मध्ये प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी 'निष्ठा' कार्यक्रम प्रत्यक्ष वर्गांच्या रूपाने आखला गेला. करोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून तोच १८ घटकांच्या ऑनलाइन स्वरूपात 'दीक्षा'वर आणण्यात आला. उतरंडीतील गळती यामुळे टळली. प्रत्येकापर्यंत तोच आशय पोहोचला. परंतु चित्रफीत पाहणे, प्रश्नावली सोडविणे आणि प्रमाणपत्र मिळविणे एवढ्यावरच जेथे समाधान मानले जाते, तेथे हजेरीपत्रकाची जागा प्रमाणपत्राने घेतली, इतकाच बदल होतो.

परक्या जमिनीवरील घर

आभासी जगांचा इतिहास आणखी एक धडा देतो. ही जगे परक्या मालकीची असतात. लिंडन लॅबने २०११ पासून शैक्षणिक संस्थांची निम्म्या दराची सवलत काढून घेतली, तेव्हा अनेक संस्थांनी आपली बेटे सोडली. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेली वस्ती तशीच परतली नाही. कुमारांसाठीचे 'टीन सेकंड लाइफ' त्याच सुमारास बंद झाले. 'टॅप्ड इन'चे दरवाजे २०१३ मध्ये मिटले. मायक्रोसॉफ्टचे 'अल्टस्पेस' २०२३ मध्ये बंद झाले. प्रत्येक वेळी वर्षानुवर्षे जमविलेली साधने आणि त्याहून मोलाचा असा परस्परांचा सहवास धोक्यात आला. म्हणूनच आशय मुक्त परवान्याखाली असणे, तो दुसरीकडे नेता येणे आणि चर्चेच्या नोंदी शिक्षकांच्या हाती राहणे, या अटी व्यासपीठ निवडतानाच पाहावयास हव्यात.

यंत्र कोणतेही असो, या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे शिक्षकाला सहकारी भेटला, सराव करता आला आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी वर्गात वापरून पाहता आले, तेथे ऑनलाइन शिक्षण रुजले. यासाठी वीज व इंटरनेट जोडणी लागते, तसाच शाळेच्या वेळापत्रकात हक्काचा वेळही लागतो. रात्री घरची कामे आटोपून उरलेल्या अर्ध्या तासात आजीवन शिक्षण व्हावे, ही अपेक्षा कोणत्याही तंत्रज्ञानाला पुरी करता येणार नाही.