चूल, ओटा आणि नवी उपकरणे

आपल्या कोळगावात हल्ली घरे फार झपाट्याने बदलत आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, सिडकोने जिल्ह्याचे मुख्यालय आपल्याच गावी बांधले आणि २०२१ साली तेथे कचेऱ्या सुरू झाल्या. तेव्हापासून कौले उतरवून स्लॅब घालावा, तेवढे जमत नसेल तर निदान स्वयंपाकघर तरी नवे करावे, असे घरोघर चालले आहे. आमच्याही घरी यंदा तेच घाटत आहे. पालघरच्या दुकानात जावे तर काचेच्या शेगड्या, धूर ओढणाऱ्या चिमण्या, विजेच्या चुली अशी रांगच समोर उभी राहते आणि दुकानदार म्हणतो, "ताई, हे लेटेस्ट आहे." लेटेस्ट असेल, पण आमच्याकडे ते टिकेल का, हे तो सांगत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने विचार केला. आजवर आपल्या स्वयंपाकघरात काय काय आले, त्यातले काय राहिले आणि काय गेले, हे मुलाच्या मदतीने वाचून काढले. शिक्षण माझे सातवीपर्यंतचे, तेव्हा पंडिती भाषा कोणी अपेक्षू नये.

चुलीपासून सुरुवात करणे भाग आहे. मातीची चूल, शेजारी वैल, हातात फुंकणी आणि डोळ्यांत पाणी. चुलीचे कौतुक करणारी मंडळी बहुधा तिच्यापुढे बसलेली नसतात. भाकरी चुलीवरचीच गोड, हे मलाही मान्य आहे, पण पावसाळ्यात ओली लाकडे फुंकून फुंकून सासूबाईंचे डोळे कसे झाले होते ते मी पाहिले आहे. या धुराचा विचार कोणी केलाच नाही असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धुराडे असलेली मगन चूल तयार केली. मातीचीच, घरच्या घरी घालता येणारी. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारनेही बिनधुराच्या चुलींची मोहीम काढली. पण पुष्कळ ठिकाणी धुराडे काजळीने भरले की ते साफ कोण करणार, हा प्रश्न राही, आणि चूल पुन्हा पहिल्यासारखी धुमसू लागे.

मग आला स्टो. वातीचा निराळा आणि पंपाचा निराळा. पंपाचा स्टो मूळ स्वीडनमधला. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ साली तो काढला आणि प्रायमस हे नाव जगभर झाले. आपल्याकडे तो मुंबईच्या चाळीतून गावोगाव पोचला. काजळी नाही, भांडी काळी होत नाहीत, चहा चटकन होतो. पण त्याची पिन, त्याचा वॉशर, त्याचा तो भुर्रर्र आवाज! रॉकेल रेशनवर, आणि तेही वेळेवर मिळेल तर शपथ. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका तीत एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या मागण्यांत धान्य, तेल, साखर यांच्याबरोबर रॉकेलही होते. स्वयंपाकघरातले सामान हा राजकारणाचा विषय आहे, हे आपल्या आयांनी तेव्हा दाखवून दिले.

स्टोची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. "स्टोचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू" ही बातमी त्या काळी वर्तमानपत्रात वरचेवर येई. काही स्टो खरोखर भडकत, पंप जास्त मारल्याने किंवा जळत्या स्टोत रॉकेल ओतल्याने. पण स्वयंपाक साऱ्या घरासाठी आणि जळते ती नवी सूनच, असे कसे, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी जाहीरपणे विचारला. विवाहितेच्या छळाविरुद्धचा कायदा १९८३ साली झाला आणि हुंडाबळीचे कलम १९८६ साली आले, ते अशाच प्रश्नांच्या रेट्यामुळे. तेव्हा भगिनींनो, चुलीची निवड म्हणजे नुसती हौस आहे असे कोणी म्हणाले, तर मला पटत नाही.

गॅसचे श्रेय तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना द्यावे लागेल. तेल शुद्ध करताना हा वायू आपोआप निघतो. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत तो 'बर्शेन' या नावाने घरोघर विकावयास सुरुवात केली. सरकारी इंडेन १९६५ साली आला, आणि बर्मा-शेलही १९७६ मध्ये सरकारच्या ताब्यात जाऊन पुढे भारत पेट्रोलियम झाली. पण गॅस निघाला आणि आपल्याकडे आला असे झाले नाही. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मुलीच्या लग्नात घरी गॅस आहे हे मोठेपणाने सांगितले जाई. पाड्यांवर तर २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतरच पुष्कळ घरांनी पहिला सिलिंडर पाहिला. तेथेही सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, असे चित्र अजून दिसते, कारण १४.२ किलोची टाकी भरून आणायला एकरकमी पैसे लागतात आणि लाकूडफाटा रानात मिळतो.

गॅसबरोबर ओटा आला, आणि माझ्या मते सर्वांत मोठा बदल तोच. बाई बसून स्वयंपाक करीत होती ती उभी राहिली. बसून करताना प्रत्येक वस्तूसाठी उठाबशा, गुडघ्यांवर भार, आणि घरात कोण आले-गेले ते मान वर करून पाहावयाचे. उभे राहिल्यावर खिडकी समोर आली. पाय दुखतात हे खरे, पण पदराला विस्तव लागण्याची भीती पुष्कळ कमी झाली.

आता कुकर. १९५९ हे साल आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही नावांचे कुकर आपल्या देशात त्याच सुमारास बनू लागले. हॉकिन्सचा कारखाना तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच, ठाणे शहरात. त्याचे झाकण आतून बसते, म्हणून वाफेचा दाब उतरल्याशिवाय ते उघडूच शकत नाही. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते आणि आच कितीही वाढवली तरी त्यापुढे तापत नाही. कुकरात वाफ कोंडल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास जाते. एवढ्या वीस अंशांनी तुरीची डाळ गळून पडते आणि सरपण वाचते. कुकर परदेशी कल्पनेचा खरा, पण आपल्या बायकांनी त्यात डाळ, भात आणि बटाटे असे तीन डबे एकावर एक लावले तेव्हा तो आपला झाला. शिवाय रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सुटे भाग कोणत्याही बाजारात मिळतात. आमच्या एका कुकरने तीन हँडले पाहिली आणि भांडे तेच आहे. २०२० साली सरकारने आदेश काढून कुकरला आय.एस.आय. शिक्का सक्तीचा केला. बिनशिक्क्याचा कुकर स्वस्त मिळतो म्हणून कोणी घेऊ नये, आणि लेकीच्या रुखवतात तर मुळीच ठेवू नये.

मिक्सरची गोष्ट मला सर्वांत आवडली. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे एक अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरीबाई यांच्याकडे जर्मन बनावटीचा ब्राऊनचा मिक्सर होता. तो बिघडला आणि येथे दुरुस्त होईना. युरोपातले ते यंत्र फळांचा रस आणि मऊ पदार्थ यांच्यासाठी केलेले. आपली हळकुंडे, सुके खोबरे, भिजलेली डाळ त्याच्या मोटारीला कशी झेपणार? माथुरांनी मग आपल्या वाटणाला पुरी पडेल अशी दणकट मोटार बसवून निराळे यंत्र तयार केले. १९६३ साली त्यांची कंपनी निघाली आणि 'सुमीत' हे नाव पुढे इतके झाले की पुष्कळ घरी मिक्सरला सुमीतच म्हणत. आता ते नाव बाजारात मागे पडले आहे, पण आज जे मिक्सर आपण घेतो ते सगळे त्याच वाटेने आले. आपल्याकडे सातपाटीची मासळी घरात आली की ओले खोबरे, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचे वाटण आलेच. ते पाट्यावर वाटायला अर्धा तास आणि दोन्ही खांदे लागत. ज्या घरी माणसे जास्त तेथे सुनेची सकाळ पाट्यावरच जाई. दुकानात गेल्यावर मिक्सरच्या रंगाआधी मोटार किती वॅटची ते विचारावे. रोजच्या ओल्या वाटणाला ५०० पुरते, सुके मसाले घरीच करावयाचे असतील तर ७५० बरे. आणि मध्येच बंद पडला तर घाबरू नये, त्याच्या बुडाशी लाल बटण असते, थोडा गार होऊ देऊन ते दाबावे. एवढ्यासाठी आपल्या कितीतरी जणींनी दुकानदाराला पैसे मोजले आहेत.

फ्रिजबद्दल थोडक्यात. भारतीय कंपनीने केलेला पहिला फ्रिज गोदरेजचा, १९५८ सालचा. तेव्हा तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असे, स्वयंपाकघरात नव्हे. २००६ पासून उपकरणांवर विजेच्या बचतीचे तारे लावू लागले. त्या लेबलावर वर्षाला किती युनिट जळतील तो आकडा असतो आणि लेबल कोणत्या वर्षीचे तेही असते. दोन्ही पाहावे, कारण नियम दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या लेबलाचे पाच तारे नव्याच्या पाचाबरोबर नसतात.

विजेवरून आठवले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, देशातले पहिले. वीज आपल्या उशाशी तयार होऊन महाराष्ट्रभर आणि गुजरातेत गेली, पण आपल्या तालुक्यातल्या पाड्यांना पुढे पुष्कळ वर्षे कंदिलावर काढावी लागली. २००५ नंतरचे भारनियमन तर सर्वांना आठवतच असेल. म्हणून इंडक्शनची चूल घ्यावी, पण एकट्या तिच्यावर घर सोपवू नये. तिच्यावर लोखंडाचे किंवा चुंबक चिकटेल अशा बुडाचेच भांडे चालते, ॲल्युमिनियमची पातेली आणि आपली कल्हईची पितळी भांडी चालत नाहीत. दुकानात जाताना पर्समध्ये एक लहानसा लोहचुंबक न्यावा, म्हणजे वाद मिटतो.

काचेच्या शेगडीचे सांगते. दिसावयास ती सुरेख यात शंका नाही. आमच्या शेजारच्या सूनबाईंनी एक घेतली, नाव मोठे होते, कंपनीचे सांगत नाही. वर्षाच्या आत बर्नर बिघडला आणि सुटा भाग मुंबईहून येण्यास दीड महिना लागला. दीड महिना त्या घरी एका बर्नरवर स्वयंपाक झाला. तेव्हापासून मी दुकानात पहिला प्रश्न विचारते की दुरुस्त करणारा माणूस पालघर-बोईसरात बसतो की नाही. मग आय.एस.आय. शिक्का, मग रबरी नळीवरची तारीख, कारण ती पाच वर्षांनी बदलावी लागते. रंगाचा नंबर त्यानंतर. आम्ही शेवटी स्टीलची तीन बर्नरची शेगडी, साडेसातशेचा मिक्सर आणि एक इंडक्शन असे ठरवले आहे. चिमणी यंदा नको. खिडकी मोठी करून पंखा बसवणार. पाटा-वरवंटा ओट्याखाली राहील. तो टाकण्यास मी ठाम नकार दिला.

राहिला ओटा. गवंडी आला तेव्हा त्याने उंची विचारली ती आमच्या ह्यांना, आणि ह्यांनी आपल्या कमरेला हात लावून दाखवली. ह्यांनी आजवर चहाखेरीज काही केलेले नाही. मी पोळपाट घेऊन भिंतीशी उभी राहिले, कोपर वाकवले, त्याच्या खाली चार बोटे सोडून खडूने रेघ मारली आणि गवंड्याला सांगितले की कडाप्पा येथे बसेल. ह्यांच्या खुणेपेक्षा तो साडेतीन इंच खाली आला.