जकात-कुंपण, भारतातील

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी भारतात मिठावरील कराच्या वसुलीसाठी उभारलेली अंतर्गत जकातरेषा व तिच्यावरील काटेरी कुंपण. दोन राष्ट्रांमधील सरहद्दीवर नव्हे, तर एकाच देशातील लोकांच्या मधोमध घातलेला हा अडसर होता.

राजपुतान्यातील सांभर सरोवरासारखी मिठाची मोठी उत्पत्तिस्थाने संस्थानिकांच्या ताब्यात होती. मुंबई व मद्रास इलाख्यांत मिठावरील कर उत्तर हिंदुस्थानाच्या मानाने कमी होता. १८६९ नंतर या इलाख्यांत मणास (सु. ३७ किग्रॅ.) १ रु. १३ आणे, तर उत्तर हिंदुस्थानात ३ रु. कर पडे. परिणामी स्वस्त मीठ चोरवाटेने महाग मुलखात येई. त्याला आळा घालण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने प्रथम जकातनाकी बसविली; पुढे ती जोडून सलग रेषा तयार झाली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सु. ३,७०० किमी. पसरली होती. बऱ्हाणपूरसारखी ठिकाणे तिच्या मार्गावर होती. तिच्या रक्षणार्थ सु. १२,००० माणसे नेमलेली होती.

रेषेवर आरंभी वाळलेल्या काट्यांचे कुंपण असे. परंतु वाळवी, वणवा व वादळ यांमुळे ते टिकत नसे. म्हणून जिवंत कुंपण लावण्यात आले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) हे १८६७ ते १८७० या काळात अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते. त्यांनी या कामाला विशेष गती दिली. याच ह्यूम यांचा पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत प्रमुख वाटा होता. जमीन व हवामान यांनुसार बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर इ. झाडे लावून त्यांत सागरगोट्याची काटेरी वेल गुंफीत. चांगल्या स्थितीतील कुंपण ३ ते ४ मी. उंच व सु. २ ते ३.५ मी. रुंद असे. जेथे झाडे जगत नसत, तेथे दगडी भिंत वा खंदक असे.

माणूस, जनावर किंवा गाडी यांना झडतीवाचून रेषा ओलांडता येत नसे. साखरेवरही येथे जकात घेत. शिपायांचे वेतन तुटपुंजे असल्याने लाच व अडवणूक वाढली. मीठ ही चैनीची वस्तू नसल्याने कराचा भार गरिबांवर अधिक पडला.

सर जॉन स्ट्रॅची (१८२३–१९०७) यांच्यासारख्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनीही या व्यवस्थेवर कठोर टीका केली. तथापि ती संपली, ती प्रजेच्या हालअपेष्टांमुळे नव्हे. सांभर सरोवर १८६९-७० मध्ये जयपूर व जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आले. पुढे निरनिराळ्या प्रांतांतील करांतील तफावतही कमी करण्यात आली. मिठाच्या उगमाशीच कर घेता येऊ लागल्याने कुंपण निरुपयोगी ठरले आणि १ एप्रिल १८७९ रोजी रेषेचा बहुतेक भाग रद्द झाला. कर मात्र राहिला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानंतरही तो चालू होता. १९४७ मध्ये तो रद्द झाला.

कुंपण नष्ट होऊन त्याची स्मृतीही लोपली. रॉय मॉक्सम या ब्रिटिश लेखकाने शोध घेऊन उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात त्याचे अवशेष पाहिले व त्यावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरच हा विषय पुन्हा अभ्यासकांपुढे आला.