दोर कोणी वळला?

केडगावच्या मांगवाड्यात माझे आजोबा दोर वळीत. घायपात पाण्यात कुजवायचा, बडवून त्याचा वाख काढायचा, वाळवायचा आणि मग पीळ भरायचा. कुजलेल्या घायपाताचा वास घरभर असे. शाळेत तो वास माझ्या कपड्यांना येतो की काय, या धास्तीने मी मागच्या बाकावर बसे.

त्या काळची विहीर आठवून पाहा. मोटेचा नाडा आणि सोंदूर मांगाने वळलेले, कातडे ढोराने कमावलेले, मोट चांभाराने शिवलेली. या तिघांच्या कसबावर पाणी वर येई आणि त्याच विहिरीला शिवण्याची या तिघांना बंदी! कातड्याच्या मोटेतून आलेले पाणी बाटत नसे. ती मोट घडविणाऱ्या हाताने मात्र बाटे. मोबदला म्हणून खळ्यावर बलुते मिळे, तेही हात पसरल्यावर. पुढे विजेचे पंप आले, मोट गेली. नायलॉन आले, वाखाचा दोर गेला. वडील कारखान्यात लागले. त्यांनी दोराला पुन्हा हात लावला नाही.

आज तोच दोर कलादालनात टांगलेला दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले चित्रकार-शिल्पकार प्रभाकर कांबळे यांनी दोर, घुंगरे, मडकी असे कष्टकऱ्यांच्या घरातले साहित्य आपल्या शिल्पांत आणले. २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांच्या कलाकृती होत्या. त्यांची ‘उतरंड’ मी छायाचित्रांत पाहिली. एकावर एक रचलेली मडकी. आपल्याला ती स्वयंपाकघरातली वाटत नाहीत. जातीची चळत डोळ्यांपुढे उभी राहते.

हे साहित्य कलेबाहेर का राहिले, याला इतिहास आहे. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. १८९१ मध्ये तिथे कारागिरीसाठी रे यांच्या नावाच्या वेगळ्या कार्यशाळा निघाल्या. चित्र-शिल्प एकीकडे, हातकाम दुसरीकडे. ही विभागणी इंग्रजांनी युरोपातून आणली. पण आपल्याकडे तिला जातीचा पाया आयताच मिळाला. डोके वापरणारा तो कलावंत आणि हात वापरणारा तो बलुतेदार, हे येथे कोणाला नव्याने शिकवावे लागले नाही.

दुसरे उदाहरण चामड्याचे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आणि मुंबईच्या चर्मकारांचे काम आटले. सुधीर राजभर या कलावंताने या कारागिरांना सोबत घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि पुढे खुर्च्या घडविल्या. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच त्यांनी नाव म्हणून घेतला: ‘चमार स्टुडिओ’. २०२४ मध्ये त्या खुर्च्या अमेरिकेत मायामीच्या प्रदर्शनात पोहोचल्या.

याचा मला आनंद आहे. परंतु येथे एक सावधगिरी हवी. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की, जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि जन्मानेच धंदा गळ्यात बांधते. म्हणून ‘परंपरागत कारागिरी’चे गोडवे ऐकले की मला घायपाताचा वास येतो. वडिलांनी दोर सोडला तो कला कळत नव्हती म्हणून नव्हे. त्यांना माणूस व्हायचे होते म्हणून.

तेव्हा अशा कलाकृतीपुढे उभे राहताना आपण तीन प्रश्न विचारावेत. घडविणाऱ्याचे नाव तिथे लिहिले आहे काय? विक्रीतला वाटा त्याला मिळतो काय? आणि हे काम न करण्याचे स्वातंत्र्य त्याच्या मुलांना आहे काय? उत्तरे होकारार्थी असतील तर ती कला आपली. नसतील तर ते नवे बलुतेच आहे. खळ्याऐवजी कलादालन, एवढाच फरक.

आजोबांनी वळलेला एक कासरा अजून आमच्या घरी खुंटीला आहे. त्याचा पीळ सुटलेला नाही. मी तो आता लपवीत नाही. माझ्या मुलीने विचारले तेव्हा तिला आजोबांचे नाव सांगितले, दोर कसा वळतात तेही सांगितले. तिला तो वळावा लागणार नाही, हेही सांगितले.