पाण्यावरचे दिवे

लोणी देवकरहून पळसदेवकडे रात्री गाडीने जाताना उजनीच्या पाण्याच्या बाजूला पाहिलं, तर बहुतेक वेळा फक्त अंधार दिसतो. मध्येच एखादा दिवा हलतो, तो मासेमारीच्या होडीचा. उजनीत जलपर्यटन सुरू करण्याची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. मोठी बोट, रंगीत दिवे, पडद्यावर आपल्या भागाचा इतिहास. कल्पना वाईट नाही. पण ती नवी आहे असं मात्र कुणी समजू नये.

दिवे आणि आवाज यांतून इतिहास सांगण्याचा आजचा प्रकार फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यात 1952 साली सुरू झाला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात तो 1965 मध्ये आला. रात्री नदीवर दिवे घेऊन निघण्याची चाल मात्र याहून कितीतरी जुनी. बंगालमध्ये मुर्शिदाबादला भाद्रपदातल्या शेवटच्या गुरुवारी भागीरथीत ‘बेडा’ सोडतात. केळीचे खुंट आणि बांबू बांधून केलेला तराफा, त्यावर शेकडो दिवे, कागदाच्या नावा आणि वर आतषबाजी. उर्दूत बेडा म्हणजे तराफा, नावांचा ताफा. ‘बेडा पार होणे’ आपण मराठीतही म्हणतोच. हा सण ख्वाजा खिज्र यांच्या नावाचा. पाण्यावरच्या वाटसरूंचे ते राखणदार, अशी श्रद्धा.

मुर्शिदाबादेत हा सण नवाब मुर्शिद कुली खानाने सुरू केला असं सांगतात. शहराचं नावही त्याचंच. हा नवाब मूळचा दख्खनी. जदुनाथ सरकारांनी नोंदवलं आहे, की तो दख्खनमधल्या ब्राह्मण घरात जन्मला, लहानपणी हाजी शफी नावाच्या इराणी सरदाराला विकला गेला, तिथे मुसलमान म्हणून वाढला आणि पुढे काही काळ वऱ्हाडच्या दिवाणाकडे चाकरीला होता. म्हणजे ज्याचा जन्म आपल्या बाजूचा, त्याच्या नावाने गंगेच्या फाट्यावर खिज्रचे दिवे तरंगतात. वारसा कुणाचा, या प्रश्नाला अशा माणसापुढे काय उत्तर द्यायचं?

खिज्रची मूळ गोष्टही होडीचीच आहे. कुराणातल्या सूरह कहफमध्ये हजरत मूसा एका ज्ञानी बंद्याबरोबर प्रवासाला निघतात. तिथे त्याचं नाव दिलेलं नाही, भाष्यकार त्याला खिज्र म्हणतात. दोघे एका होडीत बसतात आणि हा बंदा चक्क त्या होडीला भोक पाडतो. मूसा चिडतात. पुढे कारण कळतं. होडी पाण्यावर पोट भरणाऱ्या गरिबांची होती आणि पलीकडे एक राजा प्रत्येक होडी जबरदस्तीने काढून घेत होता. खराब होडी तो सोडून देणार होता. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारतात, “पण सर, मग ते बुडाले कसे नाहीत?”

आपल्याला जवळचं, रोज चालणारं उदाहरण पणजीचं. मांडवीवर संध्याकाळी बोटी निघतात, वरच्या मजल्यावर देखणी, फुगडी आणि पोर्तुगीज नाच होतात. तासाभराचा प्रवास. काही वर्षांपूर्वी सहकुटुंब गेलो होतो. काठावर दिव्यांत न्हालेली एक लांबलचक इमारत दिसली. तो आदिलशहाचा वाडा. यूसुफ आदिलशहाचा, पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयांचा, नंतर बराच काळ गोव्याचं सचिवालय. विजापूरकरांकडून गोवा गेला तो नोव्हेंबर 1510 मध्ये. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्या खुद्द आल्बुकर्कने आपल्या राजाला पत्रातून अभिमानाने कळवल्या. आमच्या बोटीवर यातलं काही सांगितलं गेलं नाही. वाड्यासमोरून जाताना गाणं चालू होतं. मला राग आला नाही, सहलीत कत्तल कोण ऐकणार? पण वाड्याचं नाव तरी घ्यायला हरकत नव्हती.

आता आपल्या भीमेचं बघा. उजनी धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झालं. क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत अशा तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. गाव म्हटलं की देऊळ आलं, मशीद आली, स्मशान आणि कब्रस्तानही आलं. पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन मंदिर अशा बुडालेल्या वास्तूंत सर्वांत प्रसिद्ध. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की ते उघडं पडतं आणि लोक चिखल तुडवत बघायला जातात.

अडचण इथेच आहे. बोट नीट फिरायला धरण भरलेलं हवं, आणि धरण भरलं की दाखवायचं तेच पाण्याखाली. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, तेव्हा दगडावरचं कोरीवकाम बघता आलं असतं, पण त्या वर्षी आपल्याकडे दिव्यांचं कुणाला सुचलं असतं? जनावरांना पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न होता.

काठावरचं सांगायला मात्र पुष्कळ आहे. इंदापूरला मालोजीराजे भोसले यांची गढी आहे आणि तिथेच चाँदशाहवली बाबांचा दर्गा. गढी बघायला येणारा दर्ग्यात डोकावतो, दर्ग्यात येणारा गढीकडे बघतो. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव जिथून आलं ती गोष्ट, त्यांच्या आजोबांच्या गढीजवळच्या नदीवर सांगितली जावी, एवढंच मला वाटतं. चार वाक्यं पुरतील.

आणि एक गोष्ट कुठल्याच पडद्यावर येणार नाही म्हणून इथे लिहितो. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून आपल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहत काठाला लागला. ती सहलीची बोट नव्हती. पूल नसल्यामुळे वर्षानुवर्षं लोक तशाच होड्यांतून दवाखान्याला, बाजाराला, लेकीच्या सासरी जात आले होते.

दुसऱ्या दिवशीही शोध चालू होता. काठावर दोन्ही तालुक्यांतली माणसं पाण्याकडे बघत उभी होती.